चार वायरी आणि एक लाल टॅग

६ नोव्हेंबर, गुरुवार

मिलमधून रिटायर झालो तरी लॉगबुक लिहायची खोड गेली नाही. भिलाईजवळ हथखोजच्या रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. कुठली मोटर कधी उघडली, कुणी उघडली, कधी जोडली, हे रोज लिहायचो. आता उघडायला मोटर नाही. घरात तिघंच: मी, बायको प्रणिता आणि पोरगी ईरा. तरी लिहितो. प्रणिता म्हणते, "कोन वाचनार हाय हे?" कोणी वाचू नये म्हणूनच लिहितो.

आजची नोंद पोर्चमधल्या लाल गाडीची. दोनच माणसं बसतात, टप उघडा, अंग फायबरचं. गोव्याच्या एका लहानशा कंपनीने पंचवीसेक वर्षांपूर्वी अशा काही गाड्या काढल्या आणि मग दुकान बंद केलं. इंजिन फ्रेंच. ईराने तीन वर्षांमागे ही रायपूरच्या एका डॉक्टरच्या बंगल्यातून उचलून आणली, तेव्हा तिच्या सीटमध्ये मांजरीची पिल्लं होती. तेव्हापासून सुट्टीचा दिवस आणि पगार, दोन्ही तिने या गाडीत घातले.

आता नागपूरला जुन्या गाड्या नव्यासारख्या करणाऱ्या एका गॅरेजने तिला बोलावलंय. मालकाची अट एकच. १ डिसेंबरच्या सोमवारपर्यंत हीच गाडी स्वतः चालवत घेऊन ये. ट्रकवर टाकून आणलीस तर ट्रक तसाच परत फिरव. म्हणजे गाडी पोचली तर नोकरी, नाही तर नाही.

आणि गाडी मिसिंग मारते. चारातला एक सिलिंडर मध्येच झोपतो. आज संध्याकाळी अंधारून आल्यावर बॉनेट उघडून पाहिलं तर प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या उडत होत्या. वायरी गाडीइतक्याच जुन्या, रबर शेवग्याच्या शेंगेसारखं वाळलेलं. चारही बदलायच्या.

आमच्यात वाटणी आहे. नट-बोल्ट तिचं, वीज माझी. मी चारही वायरी काढल्या आणि मिलच्या शिस्तीप्रमाणे स्टिअरिंगला माझा लाल टॅग बांधला. पत्र्याचा आहे, मिलमधून आणलेला. "काम चालू आहे. चालू करू नये. दि. शिवणकर." नियम सगळ्या घराला पाठ आहे: ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी हातही लावायचा नाही, मग तो मिलचा मालक का असेना.

चार वायरी बदलायला किती वेळ लागतो? परवापर्यंत होऊन जाईल.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाही झालं.

ईराने गेल्या महिन्यातच मागवून ठेवलेला सेट कुरियरने आला. काळ्या, बारीक वायरी. दिसायलाच मेल्या बिचाऱ्या. माझ्या सवयीप्रमाणे मीटर लावला आणि डोकंच फिरलं. एकेका वायरीत पाच-पाच हजार ओहम रेझिस्टन्स! नव्या कोऱ्या वायरीत! मिलमध्ये अशी केबल आली असती तर मी सप्लायरच्या ट्रकवर परत चढवली असती.

"ईरा, हे खराब माल हाय. वायरीत एवढा रेझिस्टन्स असते का?"

"बाबा, तो मुद्दाम असतो. प्लगच्या वायरीत लागते तो."

"मुद्दाम? वायरीचं काम करंट न्यायचं की अडवायचं?"

"तुमी डब्यावरचं वाचा ना एकदा."

"डब्यावर तर साबनवालेही काहीही लिहितात. मले एकतीस वर्षं झाले वायरी पाहून राहिलो."

तिने डबा बंद केला आणि पोर्चच्या फळीवर, माझ्या पेचकसांच्या शेजारी ठेवून दिला. वाद घातला नाही. ही पोरगी वाद घालत नाही ना, तेच मला आवडत नाही. प्रणिता आतून म्हणाली, "तिनंच आनली ना गाडी, तिलेच लावू द्या." मी म्हणालो, विजेचं काम माझं आहे, हे ठरलेलं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

खुर्सीपारला गेलो. स्पेअर पार्टच्या चार दुकानांत तेच.

"कौन सी गाड़ी?"

नाव सांगितलं. दुकानदाराने नोकराकडे पाहिलं, नोकराने माझ्याकडे.

"ये बस है क्या?"

तिसऱ्या दुकानात एकाने लाल, बोटाएवढ्या जाड वायरी काढल्या. "रेसिंग है अंकल, इससे गाड़ी उड़ेगी." मला गाडी उडवायची नाही, नागपूरला पोचवायची आहे. तरी घेतल्या, कारण जाड वायर म्हणजे चांगली वायर, हे तरी जगात अजून खरं असावं. घरी आणून पाहतो तर चौथ्या सिलिंडरची वायर वीतभर तोकडी आणि प्लगवर बसणारी टोपी दुसऱ्याच कुठल्या गाडीची. संध्याकाळी परत नेऊन दिल्या. दुकानदार म्हणतो, उघडलेला डबा वापस नहीं होता. अर्धा तास डोकं खाल्लं त्याचं. शेवटी घेतल्या, पण "अंकल, आप गाड़ी ही बदल दो" हे ऐकवूनच.

घरी ईराने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. सर्वे करून राहिलो."

फळीवरच्या डब्याकडे तिने एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज काम झालं! म्हणजे, जवळजवळ.

हथखोजला भूपेंद्रकडे गेलो. माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःची केबल तयार करायची शेड आहे. त्याला म्हटलं, मला शुद्ध तांब्याच्या चार वायरी बनवून दे, लांबी ही घे, वर सिलिकॉन चढव. त्याने बिचाऱ्याने मशीन थांबवून करून दिल्या. जुन्या टोप्या साफ करून बसवल्या. मीटर लावला. शून्य! काटा थेट शून्यावर जाऊन आदळला. याला म्हणतात वायर.

घरी येऊन जोडल्या. किल्ली फिरवली तर गाडी एका झटक्यात चालू झाली. मी प्रणिताला हाक मारली, "ऐकून राहिली का?"

ती स्वयंपाकघरातून ओरडली, "काय ऐकू? रेडिओची खरखर?"

तिच्या ओट्यावरचा रेडिओ ऐन बातम्यांत खरखरायला लागला होता. जुनाच आहे, सेल संपत आले असतील. मी गाडी बंद केली तर खरखर थांबली. योगायोग.

ईरा कामावरून आल्यावर तिला ऐकवली गाडी. ती बॉनेटजवळ उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, जरा रेस द्या." दिली, तर गाडी थरथरली, खोकली, आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला.

"थंड हाय अजून," मी म्हणालो.

"हूं," ती म्हणाली. आणि आत जाऊन आईला म्हणाली, "आई, रेडिओ कसा चालून राहिला होता ग?"

तिला रेडिओचं काय पडलंय कोण जाणे.

१३ नोव्हेंबर

रेडिओत नवे सेल घातले. गाडी चालू केली. खरखर. रेडिओच गेलाय. प्रणिताला सांगितलं की नवा आणू. ती म्हणाली, "गाडी बंद असली की चांगला चालते, हे कसं जी?" बायकांना प्रत्येक गोष्टीत संबंध जोडायची सवय असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केवलराम आला होता चहाला. मिलमधला माझा जोडीदार, आता खुर्सीपारला पोराच्या घरी असतो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, त्यामुळे तो कप डाव्या हातात धरतो.

हे इथे कधी लिहिलं नाही. आज लिहितो. ती बोटं माझ्यामुळे गेली. सत्तावीस वर्षं झाली. रोलरच्या मोटरवर त्याचा टॅग होता. जेवायची सुट्टी झाली, मला वाटलं तो जेवायला गेला आणि टॅग काढायला विसरला. शिफ्टचं टनेज भरायचं होतं. मी त्याचा टॅग काढला आणि स्विच टाकला. तो गेला नव्हता. वाकून बेअरिंगला ग्रीस लावत होता.

त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून टॅगच्या बाबतीत माझ्याशी कोणी बोलूच नये. ईरा तेव्हा जन्मली पण नव्हती, पण ती हीच गोष्ट ऐकत मोठी झालीय. लहानपणी ती आपल्या दप्तराला पण कागदाचा टॅग लावायची.

तर केवलरामसमोर गाडी चालू केली. खोकली, थरथरली, पिवळा दिवा.

"भइया, बेटी कुछ बोलिस?" त्याने त्याच्या छत्तीसगढीत विचारलं.

"ते काय बोलनार? ते तर त्या काळ्या वायरी घेऊन बसली हाय."

तो स्टिअरिंगवरचा टॅग पाहत राहिला. मग म्हणाला, "काम हो जाए तो तख्ती उतार देना भइया. जादा दिन टांगे ले अच्छा नइ लागे."

काम झालंच नाही तर उतरवायचा कसा, हे त्याला मी सांगत बसलो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तांब्याच्या वायरी काढल्या, परत घातल्या. प्लग बदलले. अर्थिंगची तार घासली. कॉइलवरचे सगळे जोड उघडून लावले. दिवसभर पोर्चमध्ये उकिडवा बसून गुडघे गेले. गाडी तशीच. आमच्या रिसालीच्या गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून एक सल्ला देऊन जातो. समोरच्या घरातले मास्तर म्हणाले, लिंबू बांधा. मास्तर म्हणे!

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज ईराशी भांडण झालं. म्हणजे मी भांडलो.

ती म्हणाली, "बाबा, तीसला मले निघायचं हाय. मी दहा मिनिटांत तो काळा सेट लावून दाखवते. नाही चालली तर तुमचा सेट."

"मग लाव ना! कोनी अडवलं?"

"टॅग हाय तुमचा."

"तो काय बोलते का? काढ."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मग शांतपणे म्हणाली, "तुमी काढा. मी नाही काढनार. कधीच नाही."

मी म्हटलं, माझं काम झालं की काढीन. आणि पोर्चचा दिवा बंद करून आत आलो.

प्रणिताने पोळ्या करता करता विचारलं, "ते हॉस्टेलला गेली होती तेव्हाही तुमी तिची ट्रंक तीनदा उघडून पायली होती. कुलूप बरोबर नाही म्हने. आठवते का?"

कुलूप खरंच बरोबर नव्हतं. आणि त्याचा इथे काय संबंध?

प्रणिताने ठरवलंय की ईरा गेल्यावर तिच्या खोलीत शिलाई मशीन ठेवायची. मी म्हटलं ठेव. माझी हत्यारंही तिथे ठेवता येतील. रिकाम्या खोलीचं करायचं काय आणखी?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लॉगबुकात खोटं लिहीत नाही.

भूपेंद्रने सांगितलं होतं की कुम्हारीला हायवेलगत शेषराव म्हणून एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांनी ही फ्रेंच इंजिनं उघडली आहेत. सकाळी स्कूटर काढून गेलो. सत्तरीचे गृहस्थ, मूळचे आपल्या भंडाऱ्याकडचेच. अर्धं शटर उघडं, आत स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मी माझ्या तांब्याच्या वायरीची हकिगत मोठ्या अभिमानाने सांगितली. शून्य रेझिस्टन्स म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुमी मिलमंधले ना जी?"

"होय. कसं ओळखलं?"

"मिलवाले सगळे तांबंच लावतात." मग त्यांनी मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "हे पाहा, प्लगमंधी ठिणगी उडते. ठिणगी म्हनजे एक लहानसं रेडिओ स्टेशनच. लोखंडी गाडीत वरचं बॉनेट तिचा आवाज दाबते. तुमची गाडी फायबरची, ते काही दाबत नाही. मंग तो सगळा कचरा आजूबाजूच्या रेडिओत जाते आन् इंजिनच्या कॉम्प्युटरमंधी बी जाते. कॉम्प्युटर भंजाळला की गाडी खोकलते, पिवळा दिवा लागते. म्हनून या वायरीच्या पोटात तांबं नाही घालत, कोळशाची दोरी घालतात. तो पाच हजार ओहम हाय ना, तेच तर तिचं काम हाय."

मी म्हटलं, "रेडिओत जाते?"

"सैपाकघरापर्यंत जाते. बाईले विचारा तुमच्या."

दहा दिवस ती बाई मला तेच सांगत होती.

मी म्हटलं, बरोबर वायरींचा नंबर लिहून द्या, मी आजच मागवतो. आज मागवल्या तर शनिवारपर्यंत येतील का, हे मनात मोजत होतो. शेषराव म्हणाले, "आता महिन्यामांगे एक पोट्टी येऊन गेली ना, लाल गाडीवाली. रिसालीची. तिले लिहून देलता. लय हुशार पोट्टी. दोन तास इथं बसून सगळं विचारून गेली. म्हने घरी बाबा वीज पाहतात, त्याहिले पटलं पाहिजे, म्हनून मले सगळं समजून घ्याचं हाय."

मग म्हणाले, "तुमची कोन ते?"

मी म्हटलं, पोरगी. आणि स्कूटर चालू केली. हेल्मेट घालायला विसरलो, चरोद्याच्या पुढे आल्यावर लक्षात आलं.

दोन तास बसून तिने समजून घेतलं, ते मला समजावता यावं म्हणून. आणि मी तिला एक वाक्य पुरं बोलू दिलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ईरा कामाला गेल्यावर फळीवरून डबा काढला. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत सगळं छापलेलं आहे. रेझिस्टन्स इतका असावा, तांब्याची वायर लावू नये. साबणवालेही काहीही लिहितात म्हणे! माझ्याएवढा गाढव या भिलाईत दुसरा नसेल.

एकेक करून चारही काळ्या वायरी बसवल्या. टोप्या टकटक बसल्या. प्रणिताला म्हटलं, रेडिओ लाव. गाडी चालू केली. रेस दिली. आणखी दिली. गाडी काही बोलली नाही, नुसती चालत राहिली. पिवळा दिवा नाही. आणि आत रेडिओवर कोणीतरी बाई शेवयाची खीर कशी करायची ते सांगत होती, तो शब्दन् शब्द ऐकू येत होता.

प्रणिता दारात आली, पदराला हात पुसत. हसली फक्त. मी म्हटलं, एवढ्यात ईराला सांगू नको.

"कावून?"

"चौथ्या नंबरची टोपी मले जरा सैल वाटून राहिली."

२६ नोव्हेंबर, बुधवार

टोपी सैल नाही. तीनदा पाहिली.

पण मागचा ब्रेकचा दिवा एकदा मिणमिणला. त्याचा होल्डर साफ केला. हॉर्नचा आवाज घोगरा आहे. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, मध्ये बागनदीचं जंगल, ट्रकवाले दिवसा पण अंगावर येतात. हॉर्न पाहिजे की नको? वायपरच्या मोटरची वायरिंग पण एकदा उघडून पाहायची म्हणतोय. पाऊस नाही, पण धुकं असतं.

ईराला वायरींचं कळलंय. आल्या आल्या बॉनेट उघडलं, पाहिलं, हात न लावता बंद केलं. मला म्हणाली, "थँक्यू बाबा." मी म्हटलं, अजून काम बाकी आहे. तिने टॅगकडे पाहिलं. म्हणाली, "ठीक हाय."

रात्रीचं जेवण झाल्यावर प्रणिता भांडी आवरता आवरता म्हणाली, "तिले जाऊ द्याचं नसन तर तसं सांगा ना तिले. वायरीवर न् हॉर्नवर कावून ढकलून राहिले?"

काहीच्या काही बोलते ही बाई. मी काय पोरीची नोकरी घालवणार आहे? हॉर्न घोगरा आहे तर आहे. यात माझा काय दोष?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ईराच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीखाली, रेल्वेचं तिकीट सापडलं. रविवारचं. जायचं नागपूर, आणि सोमवारी संध्याकाळी परत दुर्ग.

मी विचारलं, हे काय?

"मी स्वतः जाऊन सांगून येते त्याहिले की गाडी नाही झाली. फोनवर सांगनं बरं नाही वाटत. त्यांनी महिनाभर जागा ठेवली माह्यासाठी."

"गाडी झाली ना पन!"

"टॅग हाय बाबा."

"अरे, मग मले म्हनायचं ना, बाबा काढा!"

"म्हनली ना मी. एकोनीस तारखेले." आवाज चढवला नाही तिने. "तुमीच सांगतलं ना लहानपनी. टॅग लावनाऱ्याले घाई नाही कराची. तो आत हात घालून असते."

मी बाहेर पोर्चमध्ये जाऊन बसलो.

केवलरामचा टॅग मी काढला, कारण मला घाई होती. तेव्हा त्याची बोटं गेली. आता माझाच टॅग मी काढत नाहीये आणि या वेळी पोरीचं काम जाणार आहे. टॅग काढायचा कधी, हा नियम कोणी वेगळा लिहून ठेवत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. काम झालं की काढायचा. माझं काम सोमवारी सकाळी झालं होतं. रेडिओवर खिरीची कृती चालली होती तेव्हाच. मग चार दिवस मी कशाला तो तसाच ठेवला?

लिहून टाकतो एकदाचं. ती जाऊ नये म्हणून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहा झाल्यावर ईराला म्हटलं, चल बाहेर. प्रणिताही आली. मी टॅगची तार उलगडली. पक्कडीने आवळून बांधली होती, सुटता सुटेना. ईराने मदत केली नाही. करणारच नव्हती. शेवटी सुटली.

"काम पूर्ण झालं," मी म्हटलं. मिलमध्ये म्हणायचो तसं.

"काम पूर्ण," ती म्हणाली.

टॅग मी फळीवर ठेवला. ती म्हणाली, बसा. मी शेजारी बसलो. टप उघडा. राजनांदगावपर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. चालवते छान, हे मला मान्य करावं लागेल. एका ट्रकवाल्याला मागे टाकताना मी डोळे मिटले होते. ती म्हणाली, "बाबा, डोळे उघडा, झालं." हॉर्न घोगरा आहेच. ती म्हणते तिला तसाच आवडतो.

वाटेत मी म्हटलं, "ईरा, मले तू नागपूरले जाऊ नाही असं वाटून राहिलं होतं."

वाऱ्याने ऐकू गेलं नसेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "माहीत हाय. मलेही दोन दिवस वाटलं, गाडी नाही झाली तर बरं."

मग तिने गिअर बदलला.

तिकीट रद्द केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सहाला निघाली. प्रणिताने डबा दिला, दही दिलं, पुन्हा एक डबा दिला. मी टायरची हवा पाहिली. केवलराम खुर्सीपारहून सायकलने आला होता, तेवढ्यासाठी. त्याने बॉनेटवर थाप मारली, त्या अर्ध्या बोटांच्या हातानेच. "जा बेटी, आराम से जाबे."

गल्लीच्या वळणावर तिने घोगरा हॉर्न एकदा वाजवला.

नऊच्या सुमारास बागनदीहून फोन, गाडी उत्तम. साडेदहाला साकोलीहून, "बाबा, आपल्या गावच्या फाट्यावर थांबली, लोकं गाडीभोवती जमा झाले." सव्वा वाजता नागपूर. मालक स्वतः बाहेर आला म्हणे, आणि पहिलं काय केलं तर बॉनेट उघडून वायरी पाहिल्या. म्हणाला, या कोणी निवडल्या? तिने काय सांगितलं माहीत आहे का? बाबांनी.

मी म्हटलं, "खोटं कावून बोलली?"

"तीन सेट पाहून निवडल्या ना तुमी. मी तर एकच पायला होता."

चिडवते. पण मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी प्रणिता म्हणाली, चला, मशीन तिच्या खोलीत सरकवून घेऊ. मी एक बाजू धरली. दारापर्यंत आलो आणि थांबलो.

कडीला लाल टॅग बांधलेला होता. माझाच. फळीवरून केव्हा उचलला कोण जाणे. माझ्या नावावर चिकटपट्टी, आणि त्यावर स्केचपेनने तिचं नाव. "काम चालू आहे. ईरा शिवणकर." तार माझ्यासारखीच पक्कडीने आवळलेली.

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. "काढू का जी?"

मी म्हटलं, नाही. आम्ही मशीन परत बैठकीत नेऊन ठेवली.